बिनकिल्लीच्या गाडीची बखर

श्री. चाकास नमन, वाटेस नमन, आणि जे गाडीत बसू पावले नाहीत त्यांस विशेष नमन. शके एकोणीसशे सतरा, युवानाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात फौजेची जुनी गाडी विकत आणविली, आणि ती गाडी आजतागायत वेशीशी का उभी आहे असे येणारेजाणारे पुसतात, सबब हे वर्तमान लिहिले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्यातील मंडळी हयात आहेत आणि रागीट आहेत. राज्य लहान, भोवती तट, तोही मागल्या बाजूस ढासळलेला, पुढे एक वेस, ती मात्र दगडी, थोर आणि धडधाकट, आणि या वेशीवरच सारा राज्यकारभार टांगलेला. रिवाज असा की जे शुभ ते वेशीतून आत यावे, नवी नवरी वेशीतून यावी, नवा बैल वेशीतून यावा, नवा ट्रॅक्टर आला तरी वेशीशी थांबावा, मग सवाष्णींनी त्यास ओवाळावे, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि मग आत घ्यावे. आणि विधवा बाई असेल तिने त्या वेळी वेशीच्या दृष्टीसही पडू नये, मागे तट ढासळला होता तेथील खिंडारातून, धोंडे चढून काटे तुडवून, आपले आपण घरी यावे. हा रिवाज कोणी घातला हे कोणास ठाऊक नव्हते, म्हणून तो मोडण्याचा अधिकारही कोणास नव्हता.

त्या राज्यात हणमंतराव म्हणून शिपाई जाहले. फौजेत ते मोठ्या हिरव्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि बर्फाच्या मुलखात दाणागोटा पोहोचवीत. वर्षातून एकदा रजेवर येत, तेव्हा त्यांची स्त्री शालनबाई हिच्यापाशी दुसरी गोष्ट नसे, गाडीचीच गोष्ट. म्हणत की, "पेन्शनीत निघालो की असलीच गाडी लिलावात घ्यायची. मी चालवनार, तू शेजारी बसायचं, आन् वेशीतनं वाजतगाजत आत यायचं. लगीन झालं तवा तू पायानं चालत आलीस, ती कसर काढायची." शालनबाई वरकरणी हसत, परंतु ही गोष्ट त्यांनी मनात फार जपून ठेविली. मग एके वर्षी डोंगरावर रस्ता खचला आणि गाडीसुद्धा हणमंतराव दरीत गेले. फौजेने त्यांस तसल्याच हिरव्या गाडीतून आणविले, आणि प्रेत वेशीच्या आत घेत नाहीत हाही रिवाज, म्हणून गाडी वेशीबाहेर उभी राहिली, बंदुकांची सलामी जाहली, पुढाऱ्यांची भाषणे जाहली, आणि शालनबाईंनी गाडीचे मागले फळकूट जे धरिले ते सोडीनात, मग चौघींनी मिळून त्यांची बोटे सोडविली. त्या दिवशी त्यांस खिंडाराने घरी नेले. तेव्हापासून ती वाट त्यांस लागू जाहली.

फौजेने पैका दिला. तो किती हे लिहिण्याचे प्रयोजन नाही, इतका होता की घरात प्रत्येकास त्याची स्वप्ने पडू लागली. हणमंतरावांचे धाकटे बंधू जालिंदरराव यांचा मनसुबा की घरावर स्लॅब टाकावा, वर गच्ची करावी, गच्चीवर टाकी. शालनबाईंनी डोईवरचा पदर घट्ट केला आणि बोलल्या की, "स्लॅब न्हाई भावजी. गाडी घ्यायची. फौजेचीच. तुम्ही चालवा, वाळू वाहा, ऊस वाहा, माझी ना न्हाई. पर गाडी माझी आसंल आन् आणताना मी तिच्यात बसून वेशीतनं आत येनार." जालिंदरराव तीन वर्षे बिनकामाचे पारावर बसून होते, त्यांस गाडी हे ऐकूनच मिशा फुटल्या. ते म्हणाले की, "गाडी झकास. पर कागद माझ्या नावावर पायजे. बाईच्या नावावर गाडी म्हनल्यावर नाक्यानाक्यावर अडवत्यात." आता येथे मसलत अडली. तेव्हा शालनबाईंनी विचार केला की या घरात सत्ता कोणाची? सासूबाईंची. आणि ती कशाने? घरजमिनीचा कागद तर सासऱ्यांच्या माघारी लेकांच्या नावे जाहला, परंतु कोठीची, कपाटाची, पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेच्या छल्ल्यास, म्हणून जालिंदररावांस चहाची साखर पाहिजे तरी आईपुढे उभे राहावे लागते. ज्याच्या कमरेस किल्ली त्याचे राज्य, हे शालनबाईंनी लग्न होऊन आल्यापासून डोळ्यांनी पाहिले होते. मग त्यांनी तह केला की कागद दिराचा, किल्ली भावजयीची, गाडी सुरू करणे तर किल्ली मागून न्यावी आणि सांजेस आणून द्यावी. जालिंदरराव एका पायावर कबूल जाहले. मग शालनबाईंनी आपली पैंजणे, जी आता पायात घालण्याची नव्हती, सोनाराकडून मोडून घेतली आणि चांदीचा छल्ला घडविला, आणि तो रिकामा छल्ला कमरेस खोवून त्या स्वारीस निघाल्या.

स्वारीत जालिंदरराव सेनापती, शालनबाई खजिना, आणि गाडी चालवून आणण्यास रज्जाक मेस्त्री म्हणून वयस्क गृहस्थ, ज्यांनी उभी हयात ट्रकांखाली उताणे पडून घालविली होती. मजल दरमजल करीत, एसटी बदलीत, फौजेच्या ठाण्यास पोहोचले. तेथे मोठे मैदान, तारेचे कुंपण, आणि आत जुन्या गाड्यांच्या रांगाच रांगा, कोणाच्या काचा फुटल्या, कोणाच्या टपाचे कापड लोंबते, गवत चाकांत वाढलेले. शालनबाई ते पाहून कुंपणाशीच थांबल्या. त्यांस वाटले की या साऱ्या गाड्यांनी कोणा ना कोणास घरी पोहोचविले असेल, जिवंत किंवा तसे. मग लिलाव जाहला, जालिंदररावांनी जिथे तिथे हात वर केला, रज्जाक मेस्त्रींनी जिथे तिथे तो खाली ओढला, आणि शेवटी एक गाडी मेस्त्रींस पसंत पडली, तिची बोली जालिंदररावांच्या नावे सुटली. मेस्त्रींनी तीत नवी बॅटरी घातली, तेल पाहिले, खाली शिरले, बराच वेळ आतून शिव्या ऐकू आल्या, आणि मग गाडीने काळा धूर सोडिला आणि ती जागी जाहली. जालिंदररावांनी स्वतःच "बोला हर हर महादेव" असे ओरडून घेतले.

मग शालनबाई तेथील सुभेदारसाहेबांपुढे गेल्या आणि पदर सावरून हात पुढे केला आणि बोलल्या की, "साहेब, किल्ली." सुभेदार म्हणाले, "कसली किल्ली?" या म्हणाल्या, "गाडीची." तेव्हा सुभेदार, जे स्वतः मराठी मुलखाचे होते, हसले आणि म्हणाले, "बाई, फौजेच्या ह्या गाडीला किल्ली नसते. ऐन गोळीबारात किल्ली कुठं हुडकायची? बटण दाबायचं, निघायचं. जो बसंल त्याची गाडी." हे सुभेदार सहज बोलले, आणि पुढल्या माणसाकडे वळलेही. परंतु शालनबाईंचा हात तसाच पुढे राहिला. मागे जालिंदरराव उभे होते, त्यांनी हे ऐकिले आणि त्यांच्या मुखावर असा आनंद पसरला की तो त्यांस रुमालाने पुसावा लागला. म्हणाले, "आता वहिनी, ह्याला कोन काय करनार? किल्ली आसती तर दिलीच आसती की मी." शालनबाईंनी हात मागे घेतला. छल्ला कमरेस होता तो त्यांनी आत ढकलला. तहाचे एक कलम जागच्या जागी मेले आणि त्याचे सुतकही कोणी पाळिले नाही.

मग दुसरी अडचण निघाली. फौजेचा हिरवा रंग फौजेबाहेरील माणसाने रस्त्यावर फिरवू नये असा हुकूम, रंग बदलल्याखेरीज फाटकातून गाडी सोडीनात. जवळच्या बाजारात एकच दुकान, त्याजपाशी डबे भरून रंग होता तो पिवळा, शाळेच्या खिडक्यांस देतात तसला. ब्रश आणिले. जालिंदररावांनी बॉनेटास चार हात मारिले आणि कंबर धरिली म्हणून चहास गेले. मेस्त्री इंजिनात गुंतले होते. तेव्हा शालनबाईंनी नऊवारीचा काचा मारिला आणि गाडी रंगविण्यास आरंभ केला. हिरव्यावर पिवळे चढेना, दोनदा द्यावे लागे, तरी कोठे कोठे हिरवे डोकावे, तेथे त्या तळहातानेच रंग फासीत. हणमंतराव ज्या दाराने चढत असतील ते दार, ज्या पायरीवर बूट टेकीत असतील ती पायरी, ज्या फळकुटास त्यांचे प्रेत टेकून आले असेल ते फळकूट, असे सर्व त्यांनी हाताने पिवळे केले. ही ती गाडी नव्हती हे त्यांस ठाऊक होते. तरी रंगविताना त्या मेलेल्या माणसाशी बोलत होत्या, आणि संसारात जितके बोलल्या नव्हत्या तितके त्या दुपारी बोलल्या. संध्याकाळी हात धुतले, राखेने घासले, परंतु पिवळेपण गेले नाही.

मग कूच जाहले. मेस्त्री चालवीत, मध्ये जालिंदरराव, आणि दारापाशी शालनबाई. केबिनात इतकी गरमी की पायांच्या तळव्यांस भाजे, आवाज इतका की बोलणे खुणेने करावे, आणि प्रत्येक खड्ड्यास तिघांची डोकी टपास लागत. घाट चढताना गाडीने पाणी उकळिले, तेव्हा ओढ्यावर थांबून घागरीने तीस पाणी पाजिले. लोक वाटेत थांबून पाहत की ही पिवळी पाठ आणि हिरवे पोट असलेली काय वस्तू चालली. जालिंदरराव प्रत्येक नाक्यावर खाली उतरून "आपली गाडी" असे सांगत. पण शालनबाईंस कशाचेही वाईट वाटेना. खिडकीतून वारा लागत होता, डोईचा पदर उडत होता, तो त्यांनी सावरिला नाही. एके ठिकाणी मेस्त्रींनी गाडी थांबवून म्हटले की, "ताई, तुम्ही मधे या, झटके कमी लागतील," तर त्या म्हणाल्या, "न्हाई मामा. ड्रायव्हरच्या बायकुची जागा दारापाशीच आसती." लग्नानंतर त्यांनी भोगिलेले सुख तराजूत घातले तर या प्रवासाचे पारडे खाली जाईल, हे खरे लिहितो.

इकडे राज्यात वर्दी गेली होती. वेशीस आंब्याचे टहाळे बांधिले, हलगी बोलाविली, नारळ आले, लिंबे आली, सवाष्णी नटून आल्या, त्यांत जालिंदररावांची स्त्री विमलबाई हाती ओवाळणीचे ताट घेऊन पुढे. सासूबाई मात्र वेशीत नव्हत्या. त्याही विधवा, सबब रिवाजाप्रमाणे वेशीबाहेर, तिच्या तोंडाशीच असलेल्या वडाच्या आड उभ्या होत्या. गाडी वळणावर दिसली, हलगी कडाडली, आणि शालनबाईंनी पदर नीट केला, केस मागे घेतले आणि समोर वेशीच्या कमानीकडे पाहत राहिल्या. मग वडापाशी सासूबाईंनी हात वर केला. गाडी थांबली. सासूबाई खिडकीखाली आल्या आणि म्हणाल्या, "शालन, उतर गं खाली. खिंडाराकडनं जा." या म्हणाल्या, "आत्याबाई, गाडी माझी हाय." सासूबाई म्हणाल्या, "व्हय, तुझीच हाय, कोन न्हाई म्हनतंय? घरी आल्यावर तुझीच. पर वेशीतनं तू कशी जाशील? शुभकार्य हाय. आन् हाताला पिवळं काय फासून आलीस? लोक काय म्हनतील?" या म्हणाल्या, "रंग हाय." सासूबाईंचा आवाज मग उतरला, आणि म्हणाल्या, "तुझा सासरा गेल्यावर नवी बैलगाडी आली घरात. माझ्या पैशाची. मी न्हाई का गेले खिंडाराकडनं? मेले का मी?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु हात उतरण्याच्या खुणेचा होता तो खाली आला नाही. शालनबाईंनी दिराकडे पाहिले. जालिंदररावांनी समोरच्या काचेवरील माशी पाहिली. मग त्या उतरल्या. साऱ्या बखरीत इतके कडू वाक्य दुसरे नाही, म्हणून पुन्हा लिहितो, त्या उतरल्या.

मेस्त्रीही उतरले, कारण वेशीतून गाडी आपण चालविणार असा जालिंदररावांचा हट्ट होता. मेस्त्रींनी आपली मजुरी घेतली आणि जाता जाता सर्वांदेखत बोलले की, "गाडी ज्या बाईनं रंगवली तिला उतरवून तुम्ही देवाला काय दाखवणार?" परंतु हलगी वाजत होती, ऐकिले कोणी? मग जालिंदररावांस फेटा बांधण्याचा समारंभ सुरू जाहला. फेटा नीट बसेना, दोघांनी ओढावा, तिसऱ्याने सोडावा, चौथ्याने शेमला काढावा. गाडी धडधडत उभी, केबिन रिकामे, आणि शालनबाई खिंडाराच्या वाटेवर चार पावले गेल्या होत्या. तेथे त्या थांबल्या. कमरेस छल्ला टोचत होता. त्यांस सुभेदारांचे शब्द आठवले की जो बसेल त्याची. मग त्या वळल्या, आणि गाडीला पलीकडून वळसा घालून ड्रायव्हरच्या दारापाशी गेल्या, आणि पायरीवर पाय ठेविला, आणि वर चढून स्टिअरिंगमागे बसल्या, आणि दार ओढून घेतले. गाडी चालविणे त्यांस येत नव्हते, आणि चालविण्याचे त्यांच्या मनातही नव्हते. पुढे हात करून त्यांनी दिसेल ती दांडी ओढिली, आणि इंजिन बंद पडले. हलगीही थांबली.

जालिंदरराव अर्धा फेटा गळ्यात घेऊन धावत आले आणि म्हणाले, "वहिनी, खाली उतरा!" शालनबाई म्हणाल्या, "भावजी, ह्या गाडीला किल्ली न्हाई. बसंल त्याची. मी बसलीया." आता राज्यात हाहाकार जाहला. वेशीच्या तोंडाशी, ऐन मुहूर्तावर, विधवा बाई गाडीच्या तख्तावर! सरपंचांनी मसलत बोलाविली की यांस खाली कोणी ओढावे? दिराने थोरल्या भावजयीच्या अंगास हात लावणे रिवाजात नाही. परपुरुषाने लावणे त्याहून नाही. बायकांनी ओढावे तर त्या ओवाळण्यास म्हणून नटून आलेल्या, त्यांस विधवेचा स्पर्श नको. आणि पोलीस बोलवावे तर शिपायाची विधवा, जीस फौजेने सलाम केला होता, वर्तमानपत्रात बभ्रा होईल. ज्या रिवाजाने बाईंस खाली उतरविले त्याच रिवाजाने आता त्यांस वर ठेविले. विमलबाईंच्या ताटातील निरांजन विझले. मंडळी नारळ घरी घेऊन गेली, कारण नारळ महाग.

मग वेढा पडला. राज्याने हुकूम काढिला की बाईंस कोणी भाकरी देऊ नये, पाणी देऊ नये, बोलू नये, दोन दिवसांत आपोआप उतरेल. शालनबाई काळोख पडून सारे राज्य निजल्यावर विहिरीवर जाऊन येत आणि पुन्हा तख्तावर बसत. तिसऱ्या दिवशी, उन्हे वर आल्यावर, सर्वांच्या देखत, सासूबाई वेशीतून बाहेर आल्या, खिंडाराने नव्हे, वेशीतून, आणि पदराखालून भाकरी आणि ठेचा काढून गाडीच्या पायरीवर ठेविला आणि परत गेल्या. वेढा घालणाऱ्या घरातूनच रसद येऊ लागली, हे कोणत्याही राज्याच्या इतिहासात घडले नसेल. शालनबाई ती भाकरी खाताना फार रडल्या. सासूबाईंनी एवढे केले, परंतु "उतरू नको" असे शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत, आणि कमरेच्या किल्ल्याही सोडिल्या नाहीत. जितके जमले तितके त्यांनी केले. ते थोडे होते.

जालिंदररावांनी आठवडाभर वाट पाहिली. मग पारावरील त्यांच्या मित्रांनी त्यांस मंत्र दिला की कागद तुझा, गाडी तुझी, बाई बसली आहे ती सीटवर, सीट सोडून बाकी ऐवज मोकळाच आहे. हे जालिंदररावांस फार पटले. मग प्रथम चाके निघाली. जॅक लावून गाडी उचलिली, शालनबाई आत बसलेल्याच, आणि एकेक चाक काढून गाडी धोंड्यांवर ठेविली, ती चाके एका ऊसवाल्याच्या ट्रॉलीस गेली. मग बॅटरी गेली, ती बँडवाल्याने नेली. मग मागला हौदा गेला, त्या फळ्यांची सरपंचांच्या गोठ्यास गव्हाण जाहली, आणि त्या गव्हाणीस अद्याप एके बाजूने शालनबाईंच्या तळहाताचा पिवळा ठसा आहे, म्हशी तेथे तोंड पुसतात. शेवटी साखळीची कप्पी बांधून इंजिन उचलिले. ते वर निघताना सारे केबिन थरथरले आणि शालनबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरिले, जसे फळकूट धरिले होते तसे. परंतु या वेळी बोटे सोडविण्यास कोणी पुढे जाहले नाही. एकदा मात्र त्या ओरडल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भावाचं मोल हाय ते!" जालिंदरराव साखळी ओढणाऱ्यांस म्हणाले, "हळू रं, काच फुटंल." इंजिन एका बागाईतदाराच्या विहिरीवर बसले आणि पाणी उपसू लागले. त्या पैक्यातून जालिंदररावांनी घरावर स्लॅब टाकिला. वर गच्ची केली. गच्चीवर टाकी.

राज्यात मग बोलणे असे पडले की बाईने हट्टापायी चांगल्या गाडीची माती केली, नुसती दहा मिनिटे उतरली असती तर आज गाडी चालती असती. हे खरे आहे. गाडी चालती असती. जालिंदरराव चालवीत असते, किल्ली नसलेली, आणि शालनबाई खिंडाराच्या वाटेने घरी जाऊन तिच्यातून उतरलेल्या उसाच्या पाचटाने चूल पेटवीत असत्या. शालनबाईंस या दोहोंतील फरक कळत होता आणि त्याचे दुःखही कळत होते. त्या कोणा एकीस म्हणाल्या की, "मी जिंकले न्हाई बया. मला गाडी पायजे हुती. मला ही खोली मिळाली." आणि हे बोलताना त्यांचे मुख असे जाहले की पुसणारीने पुन्हा पुसले नाही.

केबिन राहिले. एसटी वेशीशीच थांबे, म्हणून शालनबाईंनी त्यात स्टोव्ह मांडिला आणि चहा करू लागल्या. प्रथम उतारू लोक पीत, मग राज्यातील लोक इकडेतिकडे पाहून पिऊ लागले. परंतु आता मोठाच पेच पडला, की विधवा बाई नित्य वेशीत बसलेली, मग शुभ ते वेशीतून आत कसे आणावे? लग्नसराई आली. पहिल्या वऱ्हाडाने केबिनावरून गोधडी टाकून पाहिली, तर आतून कपबशांचा आवाज येऊ लागला. मग सरपंचांनी मसलत केली, आणि सर्वानुमते ठरले की मागले खिंडार रुंद करावे. धोंडे उचलिले, काटे तोडिले, मुरूम टाकिला, लोखंडी कमान उभी केली आणि तिजवर "सुस्वागतम" असे लिहविले. आता नव्या नवऱ्या तिकडून येतात, नवे ट्रॅक्टर तिकडून येतात, सवाष्णी तिकडेच ताट घेऊन उभ्या राहतात. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने विधवांचे पाय फाटले त्या वाटेवर राज्याने आपल्या हाताने फुले अंथरिली, आणि एकाच्याही लक्षात ते आले नाही. सासूबाईंच्या आले. त्या एके सकाळी वेशीतल्या केबिनाशी आल्या, पायरीवर बसल्या, चहा मागितला, आणि दोन घोट घेऊन म्हणाल्या, "माझी बैलगाडी आली तवा तिथं लई काटं हुतं गं." शालनबाई म्हणाल्या, "साखर घालू का आजून?" त्या म्हणाल्या, "घाल."

इतके घडले. थोडक्यात सांगणे ते असे की, गाडी फौजेची, पैका मेल्या माणसाचा, कागद दिराचा, चाके उसास, इंजिन पाण्यास, फळ्या म्हशींस, आणि मान सवाष्णींस गेला. बाकी जे राहिले ते उन्हाने उडालेल्या पिवळ्या रंगाचे एक केबिन, आणि त्याच्या दारास शालनबाईंनी बाजारातून आणून घातलेले कुलूप. सांजेस त्या स्टोव्ह विझवितात, दार ओढितात, कुलूप लावितात आणि किल्ली कमरेच्या छल्ल्यास अडकवितात. मग वेशीतून चालत घरी जातात. ज्यांनी हे पुसले त्यांनी वाचावे, आणि वेशीशी एसटीतून उतरणे जाहले तर चहा घेऊन पैसे रोख द्यावे.